सासऱ्यांची बारा बटणं

"सहा आठवडे. एक शब्दही नाही. कुजबुजसुद्धा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यावर सासऱ्यांनी तोंड उघडून "म्हण..." एवढंच केलं, तर बाईंनी असं बोट रोखलं की सासरे अर्ध्या शब्दावर मिटले. स्वरयंत्रावरची गाठ काढून चार दिवस झाले होते. जखम भरेपर्यंत हा गळा गप्प बसला नाही, तर आवाज खरखरीत होईल असं नाही, आवाज उरणारच नाही, हे बाईंनी दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा बजावताना त्या सासऱ्यांकडे न बघता जावयाकडे बघत होत्या. जसं काही सासऱ्यांचं तोंड बंद ठेवणं हे आजवर त्याला जमत आलं होतं आणि त्याने मुद्दाम केलं नव्हतं.

सासऱ्यांची सगळी हयात लिलाव पुकारण्यात गेली होती. जुनी कपाटं, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं, कोणाचे पियानो, कोणाच्या बोटी, सगळं त्यांनी नुसत्या आवाजावर खपवलं होतं. घरात ते "मीठ द्या" म्हणाले तरी समोरच्या इमारतीतून कोणीतरी हात वर करील असं वाटायचं. असा माणूस ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आला आणि गप्प बसला. पहिले दोन दिवस घर इतकं शांत होतं की स्वयंपाकघरातलं घड्याळ चालतं, हा शोध जावयाला लग्नानंतर अकरा वर्षांनी लागला. बायकोही आतून सुखावलेली होती, पण वडिलांच्या आजारपणात सुखावणं बरं दिसत नाही म्हणून ती मधूनमधून उसासे टाकायची.

तिसऱ्या दिवसापासून मात्र त्या शांततेत काटे उगवले. सासरे कागदावर लिहायचे, पण चालू लिलावात लिहून लिहून त्यांचं अक्षर असं झालं होतं की "पाणी" लिहिलेलं "पावती" वाचलं जाई आणि जावई कपाटातल्या पावत्यांची चळत आणून पुढ्यात ठेवी. फोनच्या पडद्यावर त्यांचं एक बोट चार अक्षरांवर पडायचं. घंटा देऊन पाहिली, तर ती नुसतीच रागाने वाजायची. राग कशाबद्दल आहे ते घंटेला सांगता येत नव्हतं. शेवटी पाचव्या दिवशी जावयाने खिडकी उघडायची तर बंद केली, आणि सासऱ्यांच्या तोंडून "अहो!" निघालं. फाटकं, ओलं, भलतंच "अहो". तिघंही जागच्या जागी थिजले. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासरे दोन्ही हातांनी गळा धरून, कोणाची तरी मौल्यवान वस्तू हातून पडल्यासारखे बसून राहिले.

"मी करतो याचा बंदोबस्त," जावई म्हणाला.

आता हा बंदोबस्त कसला, तर पायथनचा. जावई जमीन मोजणीच्या कार्यालयात आरेखक होता. लोकांच्या जमिनींचे नकाशे काढणं हे त्याचं काम. कार्यालयाने मागच्या वर्षी सगळ्यांना तीन आठवड्यांचं पायथन या संगणकाच्या भाषेचं प्रशिक्षण सक्तीने दिलं होतं. बाकीच्यांनी तिथे झोपा काढल्या. याने मात्र शेवटच्या दिवशी वय विचारून पुढच्या वर्षीचं वय सांगणारा प्रोग्रॅम लिहिला आणि तेव्हापासून, कोणी विचारलं नाही तरी, "मला थोडं प्रोग्रॅमिंग येतं" असं तो म्हणू लागला होता.

बेत सोपा होता. लॅपटॉपच्या पडद्यावर एक खिडकी उघडायची, तिच्यात बारा मोठे चौकोन. प्रत्येक चौकोनाला कीबोर्डावरचं एक बटण. सासऱ्यांनी बटण दाबलं की तो चौकोन रंगणार आणि लॅपटॉप ते वाक्य मोठ्याने बोलणार. पी दाबला की पाणी, सी दाबला की चहा, एफ दाबला की पंखा. सासऱ्यांच्या बोटांना झेपावा म्हणून त्याने माळ्यावरून जाड बटणांचा जुना कीबोर्ड काढला, पुसला, जोडला आणि बारा बटणांवर कागदाचे कपटे चिकटवले.

"फोनवर असलं काही तयार मिळत असेल ना?" बायकोने विचारलं.

"मिळत असेल. पण त्यात आपुलकी नसते."

आपुलकी म्हणजे जावयाचा स्वतःचा आवाज. बारा वाक्यं त्याने स्वतः बोलून भरली. आधी बायकोला विनंती केली होती, पण ती म्हणाली, "बाबांच्या तोंडून मी बोलायचं? नको. मला याच घरात राहायचंय." तेव्हा मग जावयाने दार लावून घेतलं आणि एका बैठकीत, आवाजात पुरेसं मार्दव आणून, स्वतःलाच हुकूम सोडले. "जावईबापू, जरा पंखा लावा." "जावईबापू, उशी सारखी करा." आपण काय करतोय याची त्याला तेव्हा कल्पना आली नाही.

शनिवारी सकाळी उद्घाटन ठरलं. शेजारच्या टेलिफोनकाकांना मुद्दाम बोलावलं. काकांनी सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात काढलेलं, त्यामुळे तारेने जोडलेल्या कुठल्याही वस्तूवर बोलायचा आपला हक्क ते सोडत नसत. सासरे दाढी करून, स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसले. जावयाने दोन शब्द बोलून कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला.

सासऱ्यांनी पी दाबला. काहीच झालं नाही.

त्यांनी जोरात दाबला. मग बोट उंच नेऊन खाली आणलं. मग सी, मग एफ, मग हाताला येईल ते. खिडकी आपली ढिम्म. "हे मोठं बटण दाबून बघा," म्हणून जावयाने स्वतःच एंटर दाबला. तरी ढिम्म. त्याने पुन्हा दोनदा दाबला. एवढ्यात स्वयंपाकघरातून बायको फोन हातात धरून बाहेर आली. ती एका शाळेच्या कार्यालयात काम करायची.

"शाळेच्या ग्रुपवर माझ्या नावाने हे काय चाललंय? 'पीपीपीपीसीसीएफएफएफ'! मुख्याध्यापिकाबाई विचारतायत, तुम्ही ठीक आहात ना? शिपाईमामांनी अंगठा दाखवलाय!"

झालं होतं ते असं. सकाळी तिने त्याच लॅपटॉपवर शाळेचा ग्रुप उघडला होता आणि तो तसाच ठेवला होता. जावयाची खिडकी पडद्यावर दिसत होती खरी, पण यंत्राचं लक्ष होतं ग्रुपकडे. दाबलेलं प्रत्येक बटण तिकडे जात होतं आणि जावई एंटर मारून ते रवाना करत होता.

"साधी गोष्ट आहे," टेलिफोनकाका म्हणाले. "खिडकीचं लक्ष नाही तुमच्याकडे. लक्ष नसलेल्या खिडकीला बटण ऐकू येत नाही. आधी तिच्यावर टिचकी मारायची, मग बोलायचं. आमच्या खात्यातसुद्धा..."

खात्याची गोष्ट बराच वेळ चालली. ती संपल्यावर जावयाने खिडकीवर टिचकी मारली आणि सासऱ्यांना खूण केली. सासऱ्यांनी या वेळी धोका पत्करला नाही. त्यांनी सी बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं.

"चहा हवाय," लॅपटॉप जावयाच्या आवाजात बोलला.

बायकोने टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांचा चेहरा उजळला. "चहा हवाय," लॅपटॉप म्हणाला. "हो हो, टाकते," बायको म्हणाली. "चहा हवाय. चहा हवाय. चहा हवाय."

बटण दाबून धरलं की यंत्र ते पुन्हा पुन्हा दाबल्यासारखं मोजतं, ही गोष्ट जावयाला माहीत होती. पण ती आपल्या घरी लागू होईल असं त्याला वाटलं नव्हतं. सासऱ्यांनी बोट उचललं तोवर चाळीसेक चहा रांगेत उभे राहिले होते, आणि प्रोग्रॅम इमानाने एकेक करून सगळे मागत होता. आवाज बारीक करायचं बटण कुठलं, ते त्या धांदलीत कोणालाही आठवलं नाही. चहा झाला, कपात ओतला, सासऱ्यांनी अर्धा कप संपवला, तरी मागणी चालूच. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्यांना दारातून फक्त जावई दिसत होता आणि फक्त जावयाचा आवाज ऐकू येत होता.

"एवढा मोठा माणूस," त्या बायकोला म्हणाल्या, "चहासाठी किती तो त्रागा! द्या की गं त्यांना एकदाचा."

रविवारी जावयाने शहाणपणा केला. बटण दाबल्यावर बोलायचंच नाही, ते सोडल्यावर बोलायचं. माणूस बटण कितीही वेळ दाबून धरू दे, सोडेल एकदाच. हे त्याने इतक्या आनंदाने बायकोला समजावून सांगितलं की तिने भांडी तशीच ठेवून ऐकलं. मग सासऱ्यांनी एफ दाबून धरला. "जावईबापू, जरा पंखा लावा. जावईबापू, जरा पंखा लावा. जावईबापू..." पंखा चालू होता. सासऱ्यांचं बोट बटणावर ठाण मांडून होतं, जरासुद्धा उचललेलं नव्हतं.

"बोट उचललंच नाही, तर सोडलं असं त्याला वाटतं कसं?" बायकोने विचारलं.

जावयाने प्रत्येक बटण कधी दाबलं आणि कधी सुटलं याची एका फाईलीत नोंद ठेवायला सुरुवात केली. नोंद स्वच्छ सांगत होती: दाबलं, सुटलं, दाबलं, सुटलं, एका सेकंदात तीसतीसदा. बोट जागच्या जागी आणि यंत्र खोटं बोलतंय! टेलिफोनकाकांनी नोंद नाकाला लावून वाचली आणि निदान केलं, "तुमच्या मशीनचा दोष आहे. दुसऱ्या मशीनवर लावून बघा."

हा सल्ला जावयाने ऐकायला नको होता.

दुसरं मशीन म्हणजे कार्यालयातलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, विभागातल्या सगळ्यांच्या वापरातला खिडकीजवळचा संगणक मोकळा होता, तिथे जावई बसला. बसलोच आहोत तर लक्ष नसलेल्या खिडकीचाही निकाल लावू, म्हणून त्याने एक जास्तीचा उपाय जोडला. पडद्यावर काहीही उघडं असो, कुठेही लक्ष असो, दाबलेलं प्रत्येक बटण आपल्याला कळलं पाहिजे. उपाय लागू पडला. फाईलीत नोंदी भराभर उतरू लागल्या. एवढ्यात त्याला कोणीतरी नकाशाच्या पेटाऱ्यांकडे बोलावलं, आणि तो उठून गेला. प्रोग्रॅम बंद न करता.

मंगळवारी टेबलावर पत्र होतं. "आपण कार्यालयीन संगणकावर कळफलकाच्या हालचालींची विनापरवाना व गुप्तपणे नोंद घेतल्याचे निदर्शनास आले आहे. तरी खुलासा तीन प्रतींत सादर करावा." बावीस वर्षांच्या नोकरीत जावयाने एक रेघ वाकडी काढली नव्हती. आजूबाजूची मंडळी आपापल्या कीबोर्डावर हात ठेवायला धजत नव्हती. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी तर हातरुमाल काढून आपल्या कीबोर्डावर पसरला.

खुलाशाचा छापील नमुना होता. "नोंद घेण्याचा उद्देश" या रकान्यात दोन बोटं जागा होती. जावयाने बराच विचार करून लिहिलं, "सासरे." मग ते कमी वाटलं म्हणून पुढे लिहिलं, "यांचा चहा." "या कामी इतर कोणाचा सहभाग" यात टेलिफोनकाकांना घ्यावं की घेऊ नये याचा त्याच्या मनात बराच झगडा झाला.

चौकशी विभागप्रमुखांच्या खोलीत झाली. प्रमुख स्वतः अध्यक्ष, समोर संगणक शाखेच्या बाई, आणि मध्ये उभा जावई. त्याने गाठ, ऑपरेशन, लिलाव, पंखा सगळं सांगितलं. प्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कथा चांगली आहे. पण तुम्ही नेमकं काय टिपलंत ते बघितल्याशिवाय मी सही कशी करू? बाई, वाचा ती नोंद."

बाईंनी कोरड्या आवाजात वाचायला घेतली. "सी दाबलं, दाबलं, दाबलं, सुटलं. सी दाबलं, सुटलं. एफ दाबलं, दाबलं, दाबलं, सुटलं." असं पान दोन पानं चाललं. "इथून पुढे दुसरं कोणीतरी बसलेलं दिसतं. टी दाबलं, सुटलं. ए. के. के. ए. एल. मग मोकळी जागा. पी, ए, डी... हे 'टक्कल पडलं तर' असं होतंय. पुढे 'पुन्हा केस येतात का'. मग सगळं खोडलंय. मग 'कांद्याचा रस किती वेळ'..."

सोमवारी दुपारी प्रमुखांचा संगणक दुरुस्तीला गेला होता, हे जावयाला त्या क्षणी आठवलं, आणि बाईंनाही आठवलं असावं, कारण त्यांनी पान इतक्या सावकाश उलटलं की कागदाचा आवाजही झाला नाही. प्रमुखांचा हात नकळत डोक्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परतला.

"पुरे," ते म्हणाले. "घरगुती वैद्यकीय कारण दिसतंय. समज देऊन सोडा. नोंद नष्ट करा. आत्ता. इथे. माझ्यासमोर."

जावई सुटला, पण समज मिळालेला माणूस म्हणून विभागात ओळखला जाऊ लागला. यात एकच फायदा झाला. कार्यालयातल्या मशीनच्या नोंदीत बटण दाबून धरलं की नुसतंच दाबलं, दाबलं, दाबलं होतं, आणि सुटलं शेवटी एकदाच. म्हणजे खोटं बोलणारं मशीन घरचंच. मग त्याने कुठल्याशा पानावरून चार ओळी उचलून घातल्या: बटण सुटल्याची बातमी आली की लगेच विश्वास ठेवायचा नाही, क्षणभर थांबायचं, तेवढ्यात पुन्हा दाबल्याची बातमी आली तर आधीची खोटी समजायची. बुधवारी संध्याकाळी सासऱ्यांनी पी दाबला, मनसोक्त दाबून धरला, सोडला, आणि लॅपटॉप एकदाच म्हणाला, "पाणी द्या." तिघंही बराच वेळ पुढच्या पाण्याची वाट बघत बसले. ते आलं नाही. बायकोने जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

गुरुवारी सकाळी यंत्र मुकं झालं. सासऱ्यांनी बाराही बटणं दाबली, दोनदा, तीनदा. मग त्यांनी कागद ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच सुवाच्य अक्षरात, एकेक अक्षर कोरून लिहिलं: "तुम्ही माझा गळा दाबलात."

"मी काहीही केलेलं नाही!" जावई म्हणाला.

सासऱ्यांनी त्याच कागदाखाली लिहिलं: "काल मी तुम्हाला नऊ वेळा उशी सांगितली. त्याचा राग."

नऊ नाही, अकरा वेळा सांगितली होती, पण हा मुद्दा जावयाने सोडून दिला. त्याने प्रोग्रॅम ओळीओळीने तपासला, लॅपटॉप बंद करून चालू केला, वायर फुंकली. सासरे भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांनी पाणीही घेतलं नाही. बायको ऑफिसला जाताना वाकली आणि म्हणाली, "हा बारका दिवा कसला लागलाय कोपऱ्यात?" तो कॅप्स लॉकचा, म्हणजे मोठ्या अक्षरांचा दिवा होता. बटणावर बोटं आपटताना सासऱ्यांचा हात शेजारी लागला होता. आता यंत्राच्या लेखी लहान लिपीतला पी आणि मोठ्या लिपीतला पी ही दोन निरनिराळी बटणं. लहानाला पाणी माहीत, मोठ्याला काहीच माहीत नाही. जावयाने दोघांनाही पाणी शिकवलं आणि सासऱ्यांची माफी मागितली. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायची त्या आठवड्यातली ही त्याची दुसरी वेळ.

यंत्र नीट चालायला लागलं आणि खरा ताप सुरू झाला. पाणी, चहा, उशी यांत सासऱ्यांचा जीव रमेना. ते नवी वाक्यं लिहून देऊ लागले. "मी आधीच सांगितलं होतं." "हे चूक आहे." "असं कोण म्हणतं?" "हो, मी तयार आहे," हे दवाखान्यात जायच्या दिवसासाठी. जावई कामावरून आला की दार लावून घ्यायचा आणि ही वाक्यं स्वतःच्या आवाजात भरायचा. बाराची सव्वीस झाली. मग जेवताना त्याने काही म्हटलं की समोरून त्याचाच आवाज यायचा, "हे चूक आहे." स्वतःशी वाद घालून हरणारा माणूस बायकोने पहिल्यांदाच पाहिला असेल. तिला हसू आवरायचं नाही.

"सहा आठवडे तुम्हाला शांतता मिळणार होती," ती एकदा म्हणाली. "ती तुम्ही स्वतः बसून, प्रोग्रॅम लिहून घालवलीत."

पाचव्या आठवड्यात इमारतीची वार्षिक सभा आली. खाली गाड्या लावायच्या जागेत रविवारी सकाळी खुर्च्या मांडल्या. सासरे सभासद नव्हते, पण पाण्याचा पंप ते झोपतात त्या खोलीच्या बरोबर खाली आहे आणि त्याविषयी त्यांना म्हणणं मांडायचं होतं. "फक्त ऐकायचं," बायकोने बजावलं. सासऱ्यांनी मान डोलावली आणि लॅपटॉप, कीबोर्ड, वर छोटा स्पीकर असा सगळा सरंजाम मांडीवर घेऊन जावयाच्या मागच्या खुर्चीत बसले.

पंपाचा विषय आला आणि गेला. सासऱ्यांनी "हे चूक आहे" दोनदा दाबलं. लिहून घेणाऱ्या बाईंनी दोन्ही वेळा जावयाच्या नावे विरोध नोंदवला. मग अध्यक्षांनी घसा साफ केला. सचिवाची जागा वर्षभर रिकामी होती. आधीचे सचिव घर बदलून गेले होते, आणि त्यामागचं कारण सचिवपद हेच होतं असं सगळेच म्हणत. गळक्या टाक्या, पालिकेचे हेलपाटे, लिफ्टवाल्याची मनधरणी, सगळं त्या एका माणसाच्या डोक्यावर.

"तर," अध्यक्ष कसनुसं हसत म्हणाले, "ही जबाबदारी घ्यायला कोणी तयार आहे का?"

अशी शांतता पसरली की पंप ऐकू आला. सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले. जावईसुद्धा. आणि त्या शांततेत जावयाचा आवाज घुमला, स्वच्छ, उत्साही, थोडंसं मार्दव आणलेला:

"हो, मी तयार आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. जावई उभा राहिला. "मी बोललो नाही! माझं तोंड बंद होतं!"

"आवाज तुमचाच होता," खालच्या वहिनी म्हणाल्या. "मी ओळखते. चहाच्या वेळी ऐकलाय."

"अनुमोदन," टेलिफोनकाका म्हणाले.

"अहो, ते यंत्र आहे! मागे बघा, ते माझे सासरे..."

"असं कोण म्हणतं?" जावयाचा आवाज म्हणाला, आणि सभा हसत सुटली. मागच्या खुर्चीत सासऱ्यांनी बोटाच्या पेराने लॅपटॉपच्या कडेवर तीनदा ठकठक केली, लिलावात माल गेल्यावर करतात तशी. बाईंनी ठराव लिहून घेतला.

जिना चढताना पहिल्या मजल्यावर सासऱ्यांनी जावयाच्या हातात चिठ्ठी दिली. त्यावर लिहिलं होतं: "चुकून नाही." दुसऱ्या मजल्यावर आणखी एक दिली: "पंप हलवायला आपला माणूस हवा."

सहा आठवडे संपले तेव्हा जावई सचिव म्हणून पालिकेत दोन चकरा मारून आला होता आणि पंपाचा अर्ज चुकीच्या रंगाच्या कागदावर आहे म्हणून परतही आला होता. तिघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "छान भरलंय. बोला."

सासऱ्यांनी छाती भरून श्वास घेतला. बायकोने जावयाचं मनगट घट्ट धरलं.

"नमस्कार," सासरे म्हणाले.

लहानसा आवाज होता. स्वच्छ, पण दाराच्या फटीतून यावा एवढा. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, गळ्याच्या शिरा ताणल्या, पुन्हा तेवढाच आला. बाई हळुवारपणे म्हणाल्या, "याहून थोडा सुधारेल. पण आधीसारखा नाही व्हायचा. ओरडायचं नाही आता कधीच. गप्पा मारा, खुशाल मारा." सासऱ्यांनी त्यांचे आभार मानले. ते कोणालाच नीट ऐकू आले नाहीत.

परतताना समोरच्या गाडीवाल्याने भलतीकडे वळण घेतलं, तरी सासऱ्यांनी काही म्हटलं नाही, आणि ते जावयाला सहन होईना. पाच आठवडे त्याने या माणसाचे हुकूम स्वतःच्या आवाजात ऐकले होते, चिडला होता, रात्रंदिवस धुसफुसला होता. आत्ता मात्र "मी आधीच सांगितलं होतं" एवढं जरी कोणी म्हटलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर सासरे थेट लॅपटॉपसमोर जाऊन बसले. जावई तो आवरून ठेवायला पुढे झाला.

"राहू द्या," सासरे म्हणाले. ऐकायला जावयाला खुर्ची ओढून अगदी जवळ बसावं लागलं. "चार माणसांत मला याची गरज लागेल."

"मग आता तुमचाच आवाज भरू," जावई म्हणाला. "घरी शांतपणे बोला, मी टिपून घेतो."

"नको. तुमचाच असू दे. तुमच्या आवाजाचं लोक ऐकतात. सचिव केलं ना तुम्हाला." थोडा दम घेऊन ते पुढे म्हणाले, "वाक्यं मात्र माझी मी घालीन. दर वेळी तुमच्या हातापाया पडायला नको. हे कसं करतात ते शिकवा मला."

जावयाने प्रोग्रॅम उघडला. अकरा वर्षांत या माणसासमोर त्याला एक वाक्य धड पुरं करता आलं नव्हतं. आज समोरचा माणूस हात मांडीवर ठेवून, चष्मा पुसून, शिष्यासारखा ऐकायला बसला होता. जावई सावरून बसला. त्याने खिडकी म्हणजे काय ते सांगितलं, लक्ष म्हणजे काय ते सांगितलं, दाबणं आणि सुटणं या दोन निराळ्या घटना कशा, ते हात उंचावून सांगितलं. सासरे मान डोलावत होते. मग त्यांनी त्या चार ओळींवर बोट ठेवलं.

"आणि इथे खरं सुटणं आणि खोटं सुटणं, हे त्याला कळतं कसं?"

जावयाने तोंड उघडलं. त्या ओळी त्याने कुठल्याशा पानावरून जशाच्या तशा उचलल्या होत्या. क्षणभर थांबायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. ते थांबणं ओळींत नेमकं कुठे होतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. पुन्हा पहिली वाचली.

"मला," तो म्हणाला, "तसं नक्की सांगता येणार नाही."

सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले बाबा?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

"म्हणाले, सरका जरा," जावई म्हणाला, आणि आपली खुर्ची बाजूला ओढून घेतली.